तबल्याची पुडी घरी बदलायची आहे, गणपतीला अकरा दिवस उरलेत

वायरमन_देवरुख

नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो, मग प्रश्न.

देवरुखच्या पुढे आमची वाडी. धंदा वायरमनचा, नाद तबल्याचा. वाडीच्या भजनात बावीस वर्षं वाजवतोय. तबला वडिलांच्या मामांचा, शिसवी, तोंड सव्वापाच इंच. बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत गातात.

सोमवारी रात्री अकराच्या सुमाराला कपाटातून फट्ट असा आवाज आला. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी गवसणी काढून बघतो तर पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, गजऱ्यापासून (कडेच्या चामड्याच्या वेणीपासून) पार मधल्या काळ्या शाईपर्यंत भेग. कुणी हात लावलेला नाही, बरं का. आपणहून फाटली.

ही दोन वर्षांतली दुसरी पुडी. त्याआधीची कोल्हापूरच्या कारागिराने चढवलेली होती, ती सहा वर्षं टिकली. मग त्यांचं वय झालं, त्यांनी काम बंद केलं. एका पुडीसाठी साखरप्यावरून आंबा घाट चढून दिवस मोडायचा, हेही परवडेना. म्हटलं, घरातली फिटिंगं करतो, हे काय अवघड? मोबाईलवर बघून स्वतः चढवली. ती पाच महिन्यांत गेली. दुसरी परवा. दोन्ही एकाच दुकानातून मागवलेल्या, बाराशे रुपयांना एक. माझ्या मते दुकानदार कच्चं कातडं देतोय. या वेळी दुसरीकडून मागवली आहे, परवापर्यंत येईल.

आता प्रश्न.
वादी, म्हणजे पुडी ताणून बांधायची पट्टी, किती वेळ भिजवायची? चामड्याचीच आहे, नायलॉनची नाही.
मागच्या वेळी कितीही ठोकली तरी पांढरी एकच्या, म्हणजे काळी एकच्या लगत खालच्या पट्टीच्या, वर जायला तयार नव्हती. गजरा ठोकून ठोकून चपटा झाला. काय चुकलं?
मोबाईलच्या ट्यूनरचा काटा नुसता नाचतो. एकदा एक सूर दाखवतो, लगेच दुसरा. तबल्याला तो चालतो की नाही?

गणपतीच्या पहिल्या रात्री आमचं भजन घरोघर फिरतं. नऊ घरं. तबल्याशिवाय गेलो तर बुवा टाळ डोक्यात घालतील.

हलगीवाला_कराड

भावा, एवढा व्याप कशाला? हलगी घे. ढिली पडली की चार कागद पेटवायचे, शेकायची, कडक. ना वादी, ना तिच्याखालचे लाकडी गठ्ठे, ना काळी एक. आमचा सूर एकच, तो तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो.

चेष्टा केली हं. पण तबला शेकू नकोस. आमच्यातल्या एकाने शाळेचा तबला शेकोटीजवळ ठेवला होता. सकाळी शाईचे पापुद्रे ताटात घेऊन बसला होता.

लयताई_फोंडा

वायरमनदादा, दुकानदाराला शिव्या देण्याआधी एक सांगा. भेग नेमकी कुठे पडली आहे? पुडी अजून लाकडावर असेल तर उतरवू नका. भेग जिथे गजऱ्याला भिडते, तिथे लाकडावर पेन्सिलीने खूण करा. आधीच्या पुडीची भेग कुठे होती तेही आठवून बघा.

मग वादी सोडा, पुडी उतरवा आणि कापसाचा बोळा घेऊन लाकडाच्या काठावरून हलक्या हाताने गोल फिरवा. बोटाने तपासू नका. तबलजीची बोटं निबर असतात, त्यांना काही कळत नाही.

काय होतं ते कळवा. तोपर्यंत नव्या पुडीला हात लावू नका.

वायरमन_देवरुख

ताई, खरं सांगतो, तुमचं वाचून जरा राग आला होता. मी विचारलं वादीचं आणि तुम्ही कापूस फिरवायला सांगताय.

फिरवला. पाऊण चक्कर गुळगुळीत गेला आणि एका जागी अडकला. तंतू ओढून राहिला. बॅटरी लावून बघितलं तर काठाला आतल्या अंगाने एक खाच, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या एका कडेला कुसळासारखी चिरफळी वर आलेली. पेन्सिलीची खूण बरोब्बर तिच्यावर.

पहिल्या फाटलेल्या पुडीचा फोटो मोबाईलमध्ये होता, दुकानदाराशी भांडायला काढलेला. त्यात वादीची गाठ दिसते. भेग गाठीच्या डावीकडे दुसऱ्या घरात, म्हणजे वादीच्या दोन पदरांमधल्या जागेत. आत्ताचीही गाठीच्या डावीकडे दुसऱ्याच घरात. गाठ मी दर वेळी एकाच जागी मारतो, पेंदीच्या कड्यावर तिथे जुना डाग आहे म्हणून.

आता कबुली. कोल्हापूरवाल्यांची पुडी उतरवताना ती लाकडाला घट्ट धरून बसली होती. मी गजऱ्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली. 'कट्' असा आवाज आला होता, तो मला वाटलं कातड्याचा.

दुकानदाराला मी फोनवर काय काय बोललोय ते इथे लिहीत नाही.

लयताई_फोंडा

छान. म्हणजे, खाच छान नव्हे, सापडली ते छान.

कातडं काठावर ताणून बसवलेलं असतं. पावसात ते ओल धरतं, सैल पडतं. तुम्ही वर ओढता. मग एखाद दिवस ऊन पडतं, कातडं सुकून आक्रसतं आणि सगळा ताण त्या कुसळावर येतो. म्हणून रात्री आपोआप फाटलं. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तबला थोडा उतरवून ठेवायचा, हेही त्यात आलंच.

आधी काठ. खाचेतली चिरफळी ब्लेडने अलगद कापा, ओढू नका. शिसवाचा भुसा अरल्डाइटमध्ये कालवून खाच भरा, किंचित वर येईल इतकी, आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. मग पॉलिश पेपर, आधी 120 नंबर, नंतर 220, शेवटी 400. भरलेल्या जागेपुरतंच घासलंत तर तिथे खड्डा पडेल, म्हणून हात पूर्ण गोल फिरवायचा. काठाला धार नको आणि पाटासारखा सपाटही नको. गोलवट हवा, ताटाच्या काठासारखा. शेवटी साध्या, आरपार दिसणाऱ्या सपाट काचेवर तबला उपडा ठेवा. खोड पोकळच असतं, पण तोंड काचेला टेकल्यावर आतला उजेड बाहेर येता कामा नये. काचेखालून बॅटरी मारली की कुठे फट आहे ते दिसतं. कापूस पुन्हा फिरवा. अडकला नाही की पुढे.

नवी पुडी आली की नुसतीच काठावर ठेवून शाईच्या कडेपासून काठापर्यंत चार बाजूंनी पट्टीने मोजा. चारही मापं सारखी आली पाहिजेत. शाई एका बाजूला सरकली तर पुढे तुम्ही आणि हातोडी, जन्मभर.

गजऱ्याला ओलं फडकं गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, म्हणजे तो वळेल. फडकं पिळलेलं हवं. शाईवर पाण्याचा थेंबही नको. तिच्यात लोखंडाचा कीस आणि खळ असते, एकेक थर देऊन दगडाने घोटलेली. पाणी लागलं की ती सुटते आणि ती घरी लावता येत नाही. तो नादच करू नका.

वादी अर्धा तास भिजवा, मग पुसून घ्या. ठिबकती वादी ओढली तर आज भरपूर लांबते आणि वाळल्यावर कुठे आक्रसेल, कुठे ढिली राहील, सांगता येत नाही. वादीची पूर्ण लांबी बोटांतून सरकवून बघा. कुठे पातळ लागली तर ती वादी टाकाच. सोळा घरं म्हणजे वर-खाली मिळून बत्तीस फेरे, तेव्हा नऊ मीटरच्या आसपास लागते. मध्ये जोड देऊ नका.

आता खरी युक्ती. वादी ओवण्याआधी समोरासमोरच्या चार घरांतून सुतळी घालून पुडी पेंदीच्या कड्याला बांधून टाका, फुलीसारखी. पुडी हलत नाही. मग निवांत वादी ओवा, सोळा घरं झाली की सुतळी काढा. मी शिकत असताना गुरुजींकडचे कारागीर दोन पायांत तबला धरून हे सगळं सुतळीविना करायचे. आपण ते नव्हे.

ताण तीन फेऱ्यांत द्यायचा. पहिल्या फेरीत फक्त ढिलाई काढा. दुसरीत हाताने जमेल तितकं. तिसरीत पक्कड, तीही तोंडाला फडकं गुंडाळून, नाहीतर वादीला दातांचे वळ पडतात आणि ती तिथेच तुटते. एका घरात जोर केला की पुढच्यात तेवढाच, वाढीव नाही. मग रात्रभर तसाच ठेवा. गठ्ठे घालू नका, हातोडी लावू नका. दुसऱ्या दिवशी वादी सैल झालेली असेल, पुन्हा एक पूर्ण फेरी. तेव्हा कुठे आठ गठ्ठे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सोळा आण्यांतले बारा आणे सूर वादीने चढतो, दोन आणे गठ्ठ्यांनी, उरलेले दोन हातोडीने. तुम्ही सोळाही आणे हातोडीकडून मागितलेत. गठ्ठे पेंदीकडे सरकवले की सूर चढतो, कारण तबल्याचं लाकूड खाली रुंद आहे आणि वादीला जास्त वळसा पडतो. तेही करून सूर येत नसेल तर वादी पुन्हा ओढायची. गजरा चपटा करून काही होत नाही.

जर्सीतला_डग्गा

मी न्यू जर्सीत असतो, इथे उलटा त्रास. हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा पापडासारखी कोरडी. डिसेंबरात माझी पुडी अशीच रात्रीतून फाटली होती. आता कपाटात पाण्याची वाटी ठेवतो. तुमच्याकडे बहुतेक उलट करावं लागेल.

ट्यूनरबद्दल लिहितो, माझं काम आवाजाच्या यंत्रांशी संबंधित आहे. 'ना', 'तिं' आणि 'तूं' या तीन बोलांत कातडं तीन वेगळ्या तऱ्हेने हलतं. ट्यूनरला कुठला सूर धरावा कळत नाही, म्हणून काटा नाचतो. उघड्या 'तूं'वर तर अजिबात भरवसा ठेवू नका, त्याचा सूर षड्जाशी जुळत नाही. साध्या ढोलाच्या आवाजातले वरचे सूर एकमेकांशी जुळणारे नसतात. तबल्यात ते जुळतात ते शाईच्या वजनामुळे. हे शास्त्रीय पद्धतीने पहिल्यांदा दाखवलं सी. व्ही. रामन यांनी, 1920 मध्ये 'नेचर'मध्ये आणि मग 1934 मध्ये सविस्तर. नोबेल मिळालेला माणूस मृदंग-तबल्यावर वाळू टाकून बघत बसला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

तुमच्या उपयोगाचं एवढंच. 'ना' वाजवून आवाजाची शेपटी ऐका. एका बाजूची घरं चढी आणि दुसरीकडची उतरी असतील तर एकच सूर न येता दोन अगदी जवळजवळचे सूर येतात आणि आवाज डुलतो, वँव-वँव असा. डुलणं थांबलं की घरं सारखी झाली. यासाठी ट्यूनर लागत नाही, कान पुरतो. काळी एक पक्की करायला पेटीची पट्टी दाबून ठेवा. आकडाच हवा असेल तर मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे 277 हर्ट्झ.

लयताई_फोंडा

वाळूचं मुलींना सांगेन, धन्यवाद.

दादा, घरं मिळवताना ओळीने जाऊ नका. पहिलं घर, मग समोरचं नववं. पाचवं, तेरावं. तिसरं, अकरावं. सातवं, पंधरावं. मग राहिलेली. अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकवायची आणि त्या घरासमोर तर्जनीने वाजवायचं. चढं लागलं तर गजऱ्याला खालून वर टोला, उतरं लागलं तर वरून खाली. टोला हलका आणि गजऱ्यावरच. शाईवर एक हातोडी बसली की बाराशे रुपये गेले.

आणि पहिल्या दिवशी काळी एकला नेऊ नका. दोन सूर खालीच ठेवा.

वायरमन_देवरुख

मंडळी, काल गणपती बसले. रात्री साडेतीनला घरी आलो, आत्ता उठून लिहितोय.

खाच भरली, एक दिवस थांबलो. पॉलिश पेपर फिरवताना काठावरचा पन्नास वर्षांचा काळपटपणा निघाला आणि आतलं शिसव चॉकलेटी दिसायला लागलं. काचेवर ठेवून खालून बॅटरी मारली तर दोन ठिकाणी उजेड. आणखी तासभर घासलं.

पुडी ठेवून मापं घेतली. तीन बाजूंना सारखी, चौथीकडे दीड मिलिमीटर जास्त. पुडी थोडी फिरवून, सरकवून बसवली तेव्हा जमलं. ताईंनी सांगितलं नसतं तर तशीच ठोकून दिली असती.

सुतळीची फुली एक नंबर. मागच्या दोन्ही वेळी बायकोने पुडी दाबून धरली होती आणि शेवटी आमचं भांडण झालं होतं. या वेळी ती स्वयंपाकघरातून येऊन नुसती बघून गेली. तिसऱ्या फेरीत मात्र माझ्या डाव्या तर्जनीला फोड आला. पक्कड सोडून हातानेच ओढायचा शहाणपणा केला, वादीने सालटं काढलं.

पहिल्या दिवशी सूर पांढरी सातच्याही (खालच्या सप्तकातली, पांढरी एकच्या लगत खालची) खाली. सकाळी बघतो तर आणखी उतरलेला, वादी बोटाने दाबली तर आत जात होती. पुन्हा फेरी. गठ्ठे घातल्यावर पांढरी सात. तिसऱ्या दिवशी पांढरी एक. हातोडी तोवर कपाटातच. चौथ्या दिवशी पोराला पेटीवर काळी एक धरायला बसवलं आणि घरं मिळवली. ते वँव-वँव मला आधी ऐकूच येईना. मग पंखा बंद केला आणि आलं. सातव्या आणि पंधराव्या घराला चार टोले दिले आणि आवाज सरळ झाला. पोरगा म्हणाला, "बाबा, आता एकच वाजतंय." त्याला काही शिकवलेलं नाही.

पाऊस आठवडाभर थांबलेला नाही. तबल्याच्या कपाटात खालच्या खणात पंचवीस वॉटचा जुना पिवळा बल्ब लावलाय, तबला दोन खण वर. एलईडी लावून उपयोग नाही, ऊब लागते. आमच्या पेठेत हे बल्ब आता मिळत नाहीत, पण माझ्याकडे जुन्या फिटिंगचे डझनभर पडून होते. कुणाला हवे असतील तर सांगा.

रात्री नऊ घरं केली. चौथ्या घरी भर पावसात ओटीवर वाजवलं, तिथे अर्धा सूर उतरला. गठ्ठे जरा खाली घेतले, काम भागलं. बुवांनी काही म्हटलं नाही. बुवांनी काही म्हटलं नाही म्हणजे काय ते भजनातल्यांना कळेल.

त्या दुकानदाराला आज सकाळी फोन केला. त्याने नाव ऐकून ठेवून दिला. दुपारी परत करतो.

ताई, एक शेवटचं. आता तबला असा टणटणीत बोलतोय की त्याच्या जोडीचा डग्गा मेल्यासारखा वाटतोय. त्याच्या शाईच्या कडेचे कणही सुटायला लागलेत. सुतळी उरली आहे, वादी उरली आहे…

लयताई_फोंडा

डग्ग्याला हात लावू नका. बोटाचा फोड बरा होऊ दे, अनंत चतुर्दशी होऊ दे, मग बोलू. आणि तो स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते आधी सांगा.

वायरमन_देवरुख

गाडीच्या डिकीत. कुलूप लावून.